किल्लीनंतरच्या चौदा ओळी

"माझी कथा किल्लीपाशी संपते. खाली बोर्डावर मात्र ती आणखी चौदा ओळी चाललीय. त्या ओळी कुणाच्या?"

दारात उभ्या असलेल्या तरुणाने हे इतक्या शांतपणे विचारलं, की टाइपरायटरवरची ठकीची बोटं जागच्या जागी थांबली. आरडाओरडा केला असता तर तिने त्याला सरळ जिन्याची वाट दाखवली असती. पण शांत माणसापुढे काय करायचं?

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरातलं शेंडेफळ, म्हणून दादाने ठेवलेलं लाडाचं नाव. वाचनालयातल्या शिपाईकाकांनी ते एकदाच ऐकलं आणि मग सगळ्या इमारतीने उचललं. वय बावीस, बोटं चपळ आणि जीभ बोटांहून चपळ. त्या दुपारी मात्र तिने यंत्रातला कागदच उगाच वरखाली फिरवला.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. ते वाचनालय नव्या इमारतीत गेलं, टाइपरायटर कुठे गेले कुणास ठाऊक, आणि कार्बन पेपरने निळी झालेली बोटं साबणाने घासघासून धुणाऱ्या मुलीही आता राहिल्या नाहीत. पण वरच्या मजल्यावरची ती अरुंद खोली ठकीला अजून डोळे मिटले की दिसते. खिडकीची एक काच रंगवलेली, पंखा एकाच वेगात फिरणारा, आणि टेबलावर कथांचा ढीग.

ढीग स्पर्धेचा. वाचनालय दर वर्षी पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींसाठी कथालेखनाची स्पर्धा घेई. गाव काही फार मोठं नव्हतं, परीक्षकांना बहुतेकांचं अक्षर ओळखू येई. म्हणून ग्रंथपालबाईंनी एक पद्धत घालून दिली होती. प्रत्येक कथेला क्रमांक द्यायचा, नाव पाकिटात बंद करायचं, आणि सगळ्या कथा एकाच यंत्रावर टाइप करून परीक्षकांकडे पाठवायच्या. हस्तलिखितं बाईंच्या कपाटात कुलूपबंद. अक्षरावरून वशिला नको, असं बाई म्हणत. पहिल्या तीन कथा समारंभाच्या दहा दिवस आधी खालच्या बोर्डावर लावत, सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून.

तर कथा क्रमांक एकेचाळीस. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधला एक तरुण मास्तर आणि त्याच्याकडे गाडी शिकायला येणारी एक मुलगी. महिनाभर रोज सकाळी अर्धा तास दोघं शेजारी बसतात. बोलणं सगळं गियरचं आणि क्लचचं, पण वाचणाऱ्याला कळतं की दोघांच्याही मनात दुसरंच काही आहे. मुलीला लायसन्स मिळतं. ती गाडीची किल्ली त्याच्या हातात देते आणि चालू लागते. इथे सातवं पान भरलं होतं, अगदी तळाच्या रेघेपर्यंत.

आणि खाली "समाप्त" नव्हतं!

बाकी एकूण एक पोरांनी "समाप्त" लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, काहींनी तर फूलही काढलं होतं. त्यात आदल्या दिवशी पंख्याने ढीगभर कागद खोलीभर उडवले होते आणि ठकीने ते गुडघ्यांवर रांगत गोळा केले होते. म्हणजे आठवं पान हरवलं! तिने कपाटाखाली पाहिलं, केराची टोपली उपडी केली, शिपाईकाकांना उगाच संशयाने उलटसुलट विचारून त्यांचा राग ओढवून घेतला. पान कुठेच नाही. चार वाजता परीक्षकांकडचा माणूस गठ्ठे न्यायला येणार होता. तिची नोकरी हंगामी होती, पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथला एक कागद गहाळ झाला, तर तुम्हीही गहाळ झालात असं समजा."

साडेतीन वाजता ठकीने यंत्रात कोरा कागद घातला आणि शेवट स्वतःच लिहिला.

पंचवीस मिनिटं, चौदा ओळी. कथेतली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येते. "लायसन्स मिळालं ना?" मास्तर विचारतो. "मिळालं." "मग?" "गाडी मागे घेताना अजून भीती वाटते." "चाचणीत तर सरळ घेतलीत!" "तेव्हा समोर तुम्ही उभे होतात." असं काहीबाही. लिहिताना ठकीला भीती वाटत होती हे खरं, पण आणखीही एक गोष्ट खरी होती, आणि ती तिने पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. त्या पंचवीस मिनिटांत तिला फार मजा आली होती. कर्मचाऱ्यांना स्पर्धेत भाग घ्यायला बंदी होती. घरी तिच्या कपड्यांच्या घडीखाली एक वही होती, ती वहिनीशिवाय कुणाला माहीत नव्हती.

आणि एकेचाळीस नंबर पहिला आला. परीक्षकांनी शेरा मारला होता, "शेवट विशेष उल्लेखनीय."

"त्या ओळी... माझ्या," ठकी अखेर म्हणाली. "पान हरवलं होतं ना तुमचं."

"कुठलं पान?"

"आठवं."

"आठवं पान नव्हतंच."

"नव्हतंच म्हणजे? खाली समाप्त लिहिलं नव्हतं तुम्ही!"

"संपली होती. मग समाप्त कशाला लिहायचं?"

ठकीने कपाळावर हात मारला. निळी बोटं कपाळावर उमटली. तो तरुण गंभीर राहण्याची पराकाष्ठा करत होता, पण ओठांचं एक टोक त्याचं ऐकेना.

"हसताय काय? माझी नोकरी जाणार आहे."

"आणि माझं बक्षीस. पुढच्या महिन्यात पंचवीस पूर्ण होतात मला. पाच वर्षं कथा पाठवतोय, साधं उत्तेजनार्थसुद्धा नाही. यंदा पहिला आलो — तर तो मी नव्हेच." त्याने खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला. "कपाळ पुसा. आणि सांगा, काय करायचं?"

बाईंना सांगितलं, तर बाई कपाट उघडून सात पानं मोजणार. हिची नोकरी जाणार, त्याचं बक्षीस जाणार. नाही सांगितलं, तर समारंभात त्याने दुसऱ्याच्या ओळींवर हार घालून घ्यायचा. समारंभाला दहा दिवस होते. विचार करू, असं म्हणून तो गेला. रुमाल तसाच राहिला. मुद्दाम विसरला की चुकून, हा वाद पुढे बराच काळ चालला.

दुसऱ्या दिवशी तो रुमाल न्यायला आला. तिसऱ्या दिवशी म्हणे पेन विसरलं होतं. चौथ्या दिवशी त्याला काही कारण सापडलं नाही, तेव्हा तो नुसताच आला आणि खिडकीत टेकून उभा राहिला.

"तुम्हाला काम नसतं का हो?" ठकीने विचारलं.

"सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. सगळे मास्तर म्हणतात."

ठकी टाइप करता करता थांबली. म्हणजे कथेतला मास्तर... हाच? मग किल्ली देऊन गेलेली ती मुलगी? तिला उगाचच आपल्या पातळाचा विटलेला काठ दिसला आणि तिने तो टेबलाखाली सरकवला.

"तुमचा शेवट खोटा आहे," मास्तर खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "अशा मुली परत येत नाहीत."

"आणि तुमचा भित्रा आहे. सात पानं त्या बिचारीला रोज सकाळी उठवून आणलंत, आणि शेवटी तुमचा मास्तर तोंडातून एक शब्द काढत नाही! मौनव्रत होतं का त्याचं?"

"ती बोलली नाही, तर तो कसा बोलणार?"

"वा! आणि तो बोलला नाही, तर तिने का बोलावं?"

"तुम्ही असता तर?"

"मी असते तर किल्ली दिलीच नसती," ठकी म्हणाली आणि आपण काय बोललो हे कळून एवढ्या जोरात टाइप करू लागली, की दोन कळा एकमेकींत अडकल्या. त्या सोडवायला तो पुढे झाला. सोडवायला हवा होता त्याहून थोडा जास्तच वेळ लागला.

सहाव्या दिवशी तो म्हणाला, "चला, गाडीत बसून बघा. अशी बंद खोलीत बसून मुली परत येतात की नाही हे कसं कळणार?"

दुपारच्या सुट्टीत ती त्याच्या गाडीत बसली. वाचनालयामागच्या रिकाम्या मैदानावर, आयुष्यात पहिल्यांदा स्टीअरिंगमागे. गाडी जुनी होती आणि तिच्यात पायाशी ब्रेक दोन होते, एक शिकणाऱ्याचा आणि एक मास्तरचा. भुरभुर पाऊस येऊन गेला होता, काचेवर धूळ आणि थेंब मिळून चिखल झाला होता. तिने वायपर समजून हॉर्न वाजवला. मैदानात चरणारी शेळी दचकली, ठकी त्याहून दचकली.

"घाबरू नका. तुम्ही कितीही चुकलात तरी इकडे ब्रेक आहे," तो म्हणाला.

"आणि तुम्ही चुकलात तर?"

त्याने किल्लीकडे बोट दाखवलं. गाडी आठ-दहा वेळा बंद पडत, गचके खात मैदानाला एक फेरी घालून आली. मग तिने इंजिन बंद केलं आणि समोर पाहतच विचारलं, "ती... खरी होती का?"

"खरी होती."

"मग?"

"मग काय. लायसन्स मिळालं, किल्ली दिली, गेली. मी काहीच बोललो नाही. दोन महिने वाट पाहिली, उद्या येईल, परवा येईल... नंतर कळलं, लग्न झालं तिचं. तेव्हा कथा लिहिली." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "बोर्डावर त्या चौदा ओळी वाचल्या ना, तेव्हा मला राग आला तो काही कथेत ढवळाढवळ केली म्हणून नव्हे. जे मला हवं होतं, ते कुणीतरी परस्पर लिहून टाकलं होतं."

ठकीच्या मनात काय काय येऊन गेलं! त्या न पाहिलेल्या मुलीचा राग आला, तिची कीव आली, आणि गाडीत शेजारी बसलेल्या या मुखदुर्बळ माणसाबद्दल इतकी माया दाटून आली, की तिने दार उघडून बाहेर पडणंच बरं समजलं.

"ऐका," तो मागून म्हणाला. "मी बाईंना काही सांगणार नाही. तुमची नोकरी कायम होऊ दे. ओळी माझ्याच म्हणून खपून जातील."

ठकीला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. पण घरी गेल्यावर चहा कधी संपला हेही तिला कळलं नाही. वहिनीने तिचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

"कोण कोण? कुणी नाही."

"कुणी नाही तर कप रिकामा करून पुन्हा पुन्हा तोंडाला का लावतेस?"

मग ठकीने सगळं सांगितलं. वहिनी ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "नोकरी तुझी, ओळी तुझ्या आणि खोटं बोलायचं त्याने. बघ बाई, तुला पटतंय का ते."

समारंभाच्या दिवशी खालचं सभागृह गच्च भरलं होतं. सकाळीच बाईंनी ठकीला बोलावून कायम नेमणुकीचं पत्र हातात ठेवलं होतं आणि कधी नव्हे ते हसल्याही होत्या. ते पत्र पर्समध्ये घेऊन ठकी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली. मास्तर इस्त्रीच्या कडक शर्टात स्टेजवर अवघडून बसला होता. गळ्यातला हार त्याला टोचत असावा.

मुख्य परीक्षक उठले. त्यांनी शेवटचं पान सुरेख वाचलं. त्या चौदा ओळींवर हशा पिकला, मग सगळे गप्प झाले आणि मग टाळ्या... ठकीच्या अंगावर काटा आला. आपण लिहिलेलं कुणी मोठ्याने वाचतंय आणि दोनशे माणसं ऐकताहेत, हे तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला मास्तरच्या गळ्यातल्या हाराचा हेवाही वाटला. माणूसच होती ती, देवी नव्हे.

"आता विजेत्यानेच सांगावं," परीक्षक म्हणाले, "हा शेवट सुचला कसा?"

मास्तर माईकपाशी आला. "शेवट... म्हणजे मला... सुचला नव्हता." सभागृह हसलं. त्यांना वाटलं, विनय. "बरेच दिवस सुचला नाही. मग... मग एकदा एकदम..." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने भिंतीकडे, ठकीकडे पाहिलं, नजर चटकन काढून घेतली आणि पुन्हा म्हणाला, "मग एकदम सुचला." इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस ठकीने जन्मात पाहिला नव्हता. तिच्यासाठी तो दोनशे माणसांसमोर घामाघूम होत उभा होता, आणि ती पर्स छातीशी धरून बसली होती.

ती उठली.

"त्यांना सुचला नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ते पान मी लिहिलंय. त्यांची कथा आधीच संपली होती. मला वाटलं, पान हरवलं. त्यांचा यात काही दोष नाही. बाईंच्या कपाटात सात पानं आहेत, मोजून बघा."

पुढचा अर्धा तास काय गोंधळ झाला ते सांगण्यात अर्थ नाही. कपाट उघडलं, पानं मोजली, परीक्षकांनी आपापसात डोकी जोडली. पहिलं बक्षीस दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला गेलं आणि ती स्टेजवरच हमसून रडू लागली. मास्तरने स्वतःच्या गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि सर्वांत मोठ्याने टाळ्याही त्यानेच वाजवल्या.

बाईंनी ठकीला बाजूला घेतलं. पत्र परत मागितलं, चार घड्या करून मुठीत धरलं. "उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "स्पर्धेत कर्मचाऱ्यांना बंदी असते. तुम्ही आता कर्मचारी नाही. पुढच्या वर्षी मुदतीत कथा पाठवा. आणि खाली समाप्त लिहा."

पुढच्या वर्षी ठकीने खरंच कथा पाठवली आणि तिला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही, पण ती पुढची गोष्ट. त्या संध्याकाळी ती कुणाशी न बोलता मागच्या जिन्याने उतरली आणि भराभर चालू लागली. चपला घासल्याचा आवाज मागून आला, मग पळण्याचा.

"अहो... अहो, थांबा की!"

ती थांबली. मास्तरला धाप लागली होती. सदैव गाडीत बसणारा माणूस, त्याला पळायची सवय कुठली.

"तुमचं बक्षीस घालवलं मी," ठकी म्हणाली.

"घालवलंत."

"रागावलात?"

"रागावलोय ना. पाच वर्षांचं होतं हो ते." त्याने बाहीने कपाळ पुसलं. "आतमध्ये राग आला, खूप आला. मग तुम्ही जिन्याकडे निघालात. आणि मी तिथे टाळ्या वाजवत उभा. मला वाटलं, झालं. ही पण चालली, आणि आपण पुन्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलोय."

संध्याकाळचं ऊन रस्त्यावर लांब पडलं होतं. एक सायकलवाला घंटी वाजवत दोघांच्या मधून गेला. दोघंही बाजूला झाले आणि पुन्हा जवळ आले, आधीपेक्षा थोडे जास्त जवळ.

"मला तुम्ही आवडता," मास्तर म्हणाला. एका दमात, धापेसकट. "पहिल्या दिवसापासून. कपाळ निळं केलंत ना, तेव्हापासून. मला नीट बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण हे बोललो नाही तर मी जन्मभर कथाच लिहीत बसेन."

ठकीच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी गेल्याचं ते होतं, की त्याचं, की सगळ्याचंच, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि आज तीस वर्षांनंतरही नक्की सांगता येत नाही.

"रविवारी तुमच्या घरी येऊ?" त्याने विचारलं. "दादांना भेटायला."

"दादाला गाडी शिकायची नाहीये."

"ठाऊक आहे."

तिने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मग तिने हात पुढे करून, घामाने त्याच्या मानेला चिकटून राहिलेली हारातली एक पाकळी काढून टाकली.

"अकरानंतर या," ती म्हणाली. "दादा त्याआधी उठत नाही."